सव्वादोन घरांची शिफ्ट

कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला की त्यातून काय काय पडतं, हे ज्याला माहीत नाही त्यानं एकदा आमच्या टायपिंग क्लासात यावं. शेंगदाण्याची टरफलं, केस, पेन्सिलीची शिसं, मुरमुऱ्यांचा भुगा, आणि हळदीचा सीझन असला की पिवळी धूळ. दर शनिवारी आपटतो आणि दर शनिवारी नवीन पडतं. मुद्दाम कुणी टाकत नाही. आमचे किस्सेही असेच साठले आहेत. एक आठवला की त्याच्यामागून दुसरा पडतो. फक्त हल्ली शेवटचा किस्सा पडला की सगळे उठून आपापल्या कामाला लागतात.

क्लास हिंगोलीत, एसटी डेपोपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. तो चालवतात गंगाधर सर. त्यांनी टाईपरायटरच्या काळापासून शिकवलं आहे. त्यांना खटखट आवाजावरून कळतं की कोण खाली बघून टाईप करतंय. कॉम्प्युटरची दुरुस्ती विलास करतो, त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. आणि मी पवन. कनेरगाव नाक्याकडच्या तांड्यावरचा, नववीनंतर शाळा सोडलेला. मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत प्रोग्रामिंग शिकलो. मला माणसांशी बोलताना फार अडखळायला होतं. कॉम्प्युटरला सांगितलेलं तो मुकाट ऐकतो, "काय म्हणला रे?" असं परत विचारत नाही, म्हणून ते जमलं.

सरांना भिंतीवरचा कीबोर्डचा तक्ता स्क्रीनवर हवा होता. मुलं मान खाली घालून बटणं शोधतात, ती सवय मोडायची होती. स्क्रीनवर कीबोर्डचं चित्र दिसावं, पुढचं अक्षर आलं की त्याचं बटण चमकावं, आणि ते कोणत्या बोटानं दाबायचं हे रंगावरून कळावं. "तयार भेटते ते आपल्या कीबोर्डासारखं न्हाई दिसत. तू बनव!" सर म्हणाले. मी मान हलवली. नाही म्हणायला मला जास्त बोलावं लागलं असतं.

*

पहिलंच चित्र उलटं आलं!

आधी फंक्शन म्हणजे काय ते सांगतो. एक काम एकदा नीट सांगून ठेवायचं, त्याला नाव द्यायचं, मग नुसत्या नावानं हाक मारली की ते काम होतं. मी 'बटण' नावाचं फंक्शन लिहिलं. आडवं कुठं, उभं कुठं, रुंदी किती, एवढं सांगितलं की ते तिथं चौकोन काढणार. शाळेत आलेख शिकलो होतो, त्यात वर जाल तसा आकडा वाढतो. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर मात्र शून्य वरच्या कोपऱ्यात असतं आणि खाली जाल तसा आकडा वाढतो. हे मला कुठं माहीत?

क्लास भरलेला होता. मी बटण दाबलं आणि मोठ्या स्क्रीनवर कीबोर्ड आला. स्पेसबार सगळ्यात वर, आकड्यांची ओळ सगळ्यात खाली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पवन, पोरायनं आता खुर्चीत उलटं टांगून बसायचं काय?"

विलास तर खरंच टेबलावर हात टेकून, डोकं खाली करून बघायला लागला. "सर, इथून बराबर दिसून राहिलं!"

*

मग आला मापांचा प्रश्न. मी पट्टी घेऊन एकेक बटण मोजत बसलो होतो आणि मिलिमीटरच्या पुढचे आकडे काही केल्या जुळत नव्हते. सर आले, पट्टी काढून घेतली आणि म्हणाले, "मिलिमीटर सोड. एका साध्या बटणाला एक घर म्हण. बाकीचे किती घराचे हायेत ते सांग."

मी मोजायला लागलो. टॅब एक घर आणि अर्धं. कॅप्सलॉक एक घर आणि पाऊण. डावी शिफ्ट दोन घरं आणि वर पाव. उजवी शिफ्ट तीनला पाव कमी.

सरांचे डोळे चमकायला लागले. "म्हंजे दीड, पावणेदोन, सव्वादोन, पावणेतीन! अन् स्पेसबार?"

"सहा घरं आणि पाव, सर."

"सव्वासहा!" सर उभेच राहिले. त्यांनी लहानपणी पावकी आणि दिडकीचे पाढे तोंडपाठ केले होते आणि आयुष्यभर त्यांना कुणी ते विचारले नव्हते. "लेका, हा कीबोर्ड बनवणारा कुठला का असंना, शाळा त्याची आपल्याकडची हाय!"

मग सरांनी प्रत्येक ओळीची बेरीज तोंडी केली. टॅबची ओळ पंधरा घरं. कॅप्सलॉकची पंधरा. शिफ्टच्या ओळीत डावीकडे सव्वादोन, मधली दहा, उजवीकडे पावणेतीन. पंधरा! प्रत्येक ओळ पंधराच.

"हिशोब बराबर! चहा सांगा!"

त्या दिवसापासून ती रीतच पडली. मी काहीही बदल केला की सर ओळीची बेरीज विचारायचे. पंधरा आली की "हिशोब बराबर, चहा सांगा." पंधरा नाही आली की चहा नाही. पंधरा आल्यावर मात्र कुणी पुढं काही बघायचं नाही. काहून बघावं? हिशोब तर जुळला होता.

*

शोभाताई आल्या त्या दिवशीचा किस्सा विलास अजून सांगतो. पण तो सांगताना आता हसत नाही.

त्यांचे मालक एका कार्यालयात क्लार्क होते. ते गेल्यावर अनुकंपेवर ताईंना त्याच जागी घेतलं. अट एकच होती. ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंग पास व्हायचं, नाही झालं तर ऑर्डर रद्द. ताई दोनदा बसल्या होत्या, दोनदा राहिल्या होत्या. मुदतीत आता एकच परीक्षा शिल्लक होती, म्हणून त्या आमच्याकडं आल्या.

दारातच एक पाटी होती. 'टायपिंग दहा बोटांनीच करावे.' सरांनी स्वतः रंगवलेली, त्यांची लाडकी पाटी. ताईंनी ती शांतपणे वाचली. मग डावा हात पुढं केला. करंगळी नव्हती. लग्नाआधी माहेरी हळदीच्या पॉलिशच्या ड्रममध्ये गेली होती.

"एक बोट घरी इसरले, सर. चालंल काय?"

इतकी वर्षं शिकवणारा माणूस, पण मी सरांना पहिल्यांदाच अडखळताना बघितलं. शेवटी म्हणाले, "बसा ताई, खुर्चीवर बसा."

दुसऱ्या दिवशी क्लासात आलो तर पाटीवरच्या 'दहा'वर पांढरा रंग फासलेला होता. नुसतं 'टायपिंग बोटांनीच करावे' एवढंच राहिलं होतं.

विलास म्हणाला, "सर, आता बरंय. पायानं करणारे तेवढे बाहेर!"

सगळ्यात जास्त ताई हसल्या.

*

कीबोर्डाच्या ओळी मी आधी एकाखाली एक सरळ काढल्या होत्या. सर म्हणाले, "हे काय, फरशी बसवली काय?" खरंच, खरा कीबोर्ड तसा नसतो. खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा थोडी सरकलेली असते. पण प्रत्येक ओळ किती सरकवायची ते मला समजेना.

ताई मागं बसून बघत होत्या. म्हणाल्या, "वावरात बेडवर हळद लावता ना तुमी? वरच्या ओळीतल्या दोन बेण्यांच्या मदात खालच्या ओळीतलं बेणं येते. तसंच हाय की हे."

मी लगेच ओळ सरकवायचं फंक्शन लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'हळद'. ओळी अशा बसल्या की सरांनी बेरीज विचारायच्या आधीच चहा सांगितला.

पण पुढच्या आठवड्यात काहीतरी हलवताना मी ते फंक्शनच चुकून पुसलं. ऐन क्लासात स्क्रीनवर लाल अक्षरांत कॉम्प्युटरनं तक्रार केली, की 'हळद' नावाचं काही सापडत नाही.

विलासनं ते मोठ्यानं वाचलं. सगळा क्लास बघायला लागला.

"हिंगोलीत हळद सापडत न्हाई? मोंढ्याच्या बाजारात जाय म्हणाव त्याला!"

*

विलासला कीबोर्डाची बटणं उपसायला चांगला चिमटा कधी मिळालाच नाही. शनिवार आला की तो ताईंसमोर हात पसरायचा.

"ताई, पिन."

ताई केसातली पिन काढून द्यायच्या. विलास ती बटणाखाली घालून टक् करून उचकटायचा, आतली घाण पुसायचा आणि बटण परत बसवायचा. बघून बघून ताईही शिकल्या. नंतर नंतर त्या स्वतःच उचकटायला लागल्या, आणि विलासपेक्षा भरभर!

"ताई, क्लार्क होण्याच्या ऐवजी माझ्या दुकानात या," विलास म्हणायचा.

"तुझ्या दुकानात पेन्शन हाय का रे?"

असाच एकदा विलासनं भंगारवाल्याकडून एक जुना कीबोर्ड सुट्या बटणांसाठी आणला. त्याचा एंटर बघून आम्ही सगळे गोळा झालो. आमच्या क्लासातले सगळे कीबोर्ड एकाच लॉटमधले, त्यांचा एंटर आडवा, सरळ. याचा दोन ओळींत उभा. वर रुंद, खाली अरुंद, एका बाजूनं कापल्यासारखा.

"हे काय हाय बॉ?" सर म्हणाले.

"वाटणीचं वावर!" विलास म्हणाला. "भावानं बांधाकडचा तुकडा मागून घेतला!"

त्या एंटरवर आमची दुपार गेली. माझं 'बटण' फंक्शन नुसते चौकोन काढायचं, असला कापलेला आकार त्याला येईना. मग मी एकेक कोपरा सांगून आकार काढणारं नवीन फंक्शन लिहिलं, त्याला अर्थातच नाव दिलं 'वाटणी'. वाटणीचा एंटर स्क्रीनवर आला तेव्हा टाळ्या पडल्या. सगळे उजव्या कोपऱ्याकडं बोट दाखवून हसत होते. मग विलासनं त्या कीबोर्डाची चारपाच बटणं काढून घेतली आणि तो माळ्यावर टाकला.

त्याची डावी बाजू आमच्यापैकी कुणी बघितलीच नाही.

*

ताईंचं घोडं शिफ्टवर अडायचं. आपल्या मराठी टायपिंगमध्ये शिफ्टशिवाय एक ओळ पुढं सरकत नाही. उजव्या हाताचं अक्षर असलं की डावी शिफ्ट दाबायची, आणि ती दाबायची करंगळीनं. ताईंची नेमकी तीच नव्हती. त्या अख्खा हात उचलून शिफ्टवर न्यायच्या, आणि परत आणेपर्यंत बोटं भलत्याच जागी पडायची. मागच्या दोन परीक्षा तिथंच गेल्या होत्या.

सर म्हणाले, "पवन, तुझ्या चित्राला प्रत्येक बटणाची जागा माहीत हाय ना? मग ताईच्या बोटापासून शिफ्ट किती लांब हाय ते त्यालाच इचार."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी 'पोच' नावाचं फंक्शन लिहिलं. बोट कुठं टेकलंय आणि बटण कुठं आहे हे दिलं की ते मधलं अंतर सांगायचं. करंगळीशेजारचं बोट घेतलं. शिफ्टच्या मध्यावर जायला त्याला हात उचलावाच लागत होता. पण शिफ्ट चांगली सव्वादोन घरं लांब. तिच्या उजव्या टोकाला मात्र हात न उचलता बोट पोचत होतं. जेमतेम, पण पोचत होतं.

मी चित्रात शिफ्टच्या त्या टोकाला पिवळा ठिपका काढला. ताईंनी बोट नेलं, दाबलं, परत आणलं. हात जागचा हलला नाही.

"आरं, हे तर पोचलं!" ताई म्हणाल्या.

मग रोज तेच सुरू झालं. कार्यालय सुटलं की ताई यायच्या, चित्र लावायच्या. सर मागं उभे राहून तालात म्हणायचे, "पिवळं... पिवळं..." काही दिवसांनी ताईंनी ठिपक्याकडं बघणं सोडलं, बोट आपोआप तिथं जायला लागलं. सर डोळे मिटून त्यांची खटखट ऐकायचे. एकदा त्यांनी क्लासातल्या बारावीच्या पोरांना गप्प केलं आणि म्हणाले, "ऐका. ह्याला म्हणतेत हात. नऊ बोटायचा हाय, तुमच्या दहाला भारी."

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी मला विचारलं होतं, "तिकडं कीबोर्ड असेच असतेत ना रे?"

मी विलासकडं बघितलं. विलास म्हणाला, "सर, कीबोर्ड म्हंजे कीबोर्ड. समदे पंधरा घराचे."

"व्हय, ते बी खरंच," सर म्हणाले. आणि चहा सांगितला.

*

आता शेवटचा किस्सा. निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला नको. ताई नापास झाल्या. मुदत संपली, ऑर्डर रद्द झाली. आता त्या औंढ्याकडं माहेरी असतात आणि भावाच्या शेतात जातात. आमच्या क्लासात खिडकीजवळची त्यांची खुर्ची अजून आहे. नवीन मुलगा तिच्यावर बसायला लागला की सर त्याला दुसरी दाखवतात.

तर परीक्षेचा दिवस. केंद्र परगावी होतं. ताई संध्याकाळी एसटीतून उतरून घरी न जाता सरळ क्लासात आल्या. डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. चेहऱ्यावरून काहीच कळेना. पण सर खुर्चीतून उठले.

"कसा गेला पेपर?"

"हात हलला न्हाई, सर," ताई म्हणाल्या. "एकदा बी न्हाई हलला. बोट जिथं जायचं तिथंच जात व्हतं."

"मग?"

"मग काय. शिफ्ट लागंना. दर बारीला भलतीच खूण उमटू लागली. मले वाटलं बोट चुकलं. परत दाबलं. परत तेच. मंग म्या खाली बघितलं." ताई सरांकडं बघून थोडंसं हसल्या. "तुमी बघू नका म्हणता, पण बघितलं. जिथं आपला पिवळा ठिपका हाय, बराबर तिथं येक येगळंच बटण. शिफ्ट त्याच्या पलीकडं. इतकुशी."

"मग तुमी काय केलं?" विलासनं विचारलं.

"काय करू? बोटाला त्याच जागेची सवय. ते काय ऐकते? केसातली पिन काढली अन् ते बटण उपसलं."

"परीक्षेत?"

"परीक्षेत. टक् करून आवाज झाला. पर्यवेक्षक धावत आले. म्हणले, बाई, हे काय करून राहिल्या? शासनाचा कीबोर्ड हाय! म्या म्हणलं, साहेब, आमच्या चित्रात हे न्हाई."

एरवी यावर सगळा क्लास हसून कोसळला असता.

"मग त्यायनं मले उभं केलं. नाव इचारलं, मोठ्या साहेबाले बोलावलं. मी सांगून राहिले, अन् समोर घड्याळ पळून राहिलं."

ताईंनी मूठ उघडली आणि हातातलं टेबलावर ठेवलं. एक काळं बटण. साधंच, एक घराचं. आणि शेजारी केसातली पिन.

विलास स्टुलावर चढला आणि माळ्यावरून वाटणीच्या एंटरचा तो जुना कीबोर्ड काढला. फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि तो टेबलावर ठेवला. डाव्या बाजूला सव्वा घराची शिफ्ट, आणि तिच्याशेजारी अगदी तसलंच एक बटण.

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून बसले.

शेवटी ताईच म्हणाल्या, "पवन, हे चित्रात टाक. पुढं कोणी माझ्यासारखी आली तर तिला आधीच ठावं असू दे."

मी कॉम्प्युटर सुरू केला. डावी शिफ्ट सव्वादोनची सव्वा केली. तिच्यापुढं 'बटण'ला हाक मारली, एक घर. चित्र आलं. ताईंच्या ठिपक्याखाली आता ते बटण दिसत होतं.

सवयीनं सर म्हणाले, "बेरीज?" आणि लगेच जीभ चावली.

मागून ताई बोटं मोजत होत्या. उजव्या हाताची पाच, डाव्या हाताची चार, आणि परत पहिल्यापासून.

"सव्वा अन् येक, सव्वादोन. मदात दहा. तिकडं पावणेतीन." त्यांनी टेबलावरची पिन उचलून केसात खोचली. "पंधरा. हिशोब बराबर हाय, सर. चहा सांगा."